ओळंबा

यादीत सतरा नंबर: तीन मजले, लाकडी सज्जे,
बांधणारा अज्ञात,
सद्यःस्थिती: रिकामी चौकट.
ती चौकट भरायला कचेरीने मला धाडलंय.
एक कॅमेरा, एक तिपाई,
आणि समोरच्या हॉटेलाची सावली पडायच्या आधीचे दोन तास.

सोलोलाकीचा चढ तिबिलिसीच्या माणसाचाही दम काढतो.
दाराशी रंगीत खड्यांत जडवलेलं लॅटिन स्वागत,
त्याचं पहिलं अक्षर शंभर वर्षांच्या बुटांनी खाल्लंय.
जिन्याच्या छतावरच्या गुबगुबीत पोराचा
अर्धा चेहरा ओलीने नेला;
उरलेला अर्धा विजेच्या मीटरांकडे बघून
अजून हसतोय.

अंगणात तुतीचे डाग. वर, कप्पीवर करकरणारी दोरी,
दोरीवर म्झेविनारच्या चादरी.
"काढाव्या लागतील," मी म्हटलं. "नियम आहे.
दर्शनी भाग मोकळा हवा. माणसंही नकोत."
तिने एकेक चिमटा तोंडात धरला,
चिमट्यांआडूनच बोलली:
"घराची कळा अंगण सांगतं म्हणतात,
आणि तू तर अंगणच पुसायला निघालीस."

भेगेवर प्लास्टरची पट्टी, पट्टीवर पेन्सिलीने तारीख.
पट्टी तडकली, की समजायचं भेग चालतेय.
पहिली मार्चमध्ये तडकली.
दुसरी चेरी संपता संपता.
तिसरी शाबूत आहे. ती जुंबेरने लावली,
शहरात ट्राम होत्या तेव्हा तो ट्राम हाकायचा.
रोज सकाळी दात घासत
तो भेगेची विचारपूस करतो.

मी भिंग वर सरकवलं. कोन जुळवला. टिपलं.
छोट्या पडद्यावर सतरा नंबर ताठ उभं,
फोटोतल्या नवरदेवासारखं, श्वास रोखून.
जुंबेरने चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं.
"कुणाचं घर हे?"
मी सांगितलं: खालून टिपलं की इमारती कलंडतात,
म्हणून हे भिंग. उभ्या रेषा उभ्याच दिसतात.
"पण त्या उभ्या नाहीत," तो म्हणाला.

खिशातून एक अक्रोड काढून
त्याने दुसऱ्या मजल्याच्या फळ्यांवर ठेवला.
अक्रोड जरा विचारात पडला.
मग अडखळत, उडी मारत, टेबलाखालून, मांजराला वळसा घालून
रस्त्याकडच्या खिडकीखाली जाऊन टेकला.
"कचेरीत तुझा फोटो बघतील,
म्हणतील, धडधाकट आहे. डागडुजी कशाला?
बाई, तुझ्या भिंगाने आम्हाला बरं करून टाकलं."

नऊ वर्षं मी या शहराच्या भिंती सरळ करत आले.
कुणी शिकवलं म्हणून. सुंदर दिसतात म्हणून.
किती घरांना मी असं
घरी पाठवलं असेल, तपासलंय, काही नाही म्हणून,
मोजायला बसले, आणि थांबले.

जुंबेरने ओळंबा आणला. पितळी, बापाचा.
वरच्या सज्ज्यातून म्झेविनारने दोरा धरला.
आम्ही वारा पडायची वाट पाहिली.
गोलगोल, मग लंबगोल, मग नुसतं थरथरणं.
एक पोरगं चेंडू बगलेत मारून उभं राहिलं.
पाववाल्याने हाक मध्येच गिळली.
आणि तो थांबला.
दोरा सरळ,
त्या रस्त्यात तेवढी एकच गोष्ट सरळ.
वर भिंतीला खेटलेला,
खाली भिंतीपासून एक वीत, दोन बोटं दूर.

भिंग मूळ जागी आणून टिपलं.
फोटोत नियमाबाहेरचं बरंच आलंय:
पिठाने माखलेलं मनगट,
चादरीचं एक टोक,
चेंडू.
रिकाम्या चौकटीत मी लिहिलं:
एक वीत, दोन बोटं.
ज्याने मोजलं त्याचं नाव खाली जोडलं,
तशी जागा अर्जात नव्हती.

तोवर सावली आलीच.
म्झेविनारने दोरी करकरवली, चादरी पुन्हा वर चढल्या.
अक्रोड तिने दारात चेपून फोडला,
अर्धा माझ्या हातावर ठेवला.
कडवट होता. खाल्ला.